उभं राहून द्यायचा निरोप

२३ जानेवारी, शनिवार

सकाळच्या बसने पायसांदू सोडलं, दुपारी मोन्तेविदेओला उतरले. साथीमुळे बसमध्ये एकाआड एक जागा रिकामी ठेवली होती, त्यामुळे ऐसपैस बसता आलं. तिथून ला तेहा वस्तीपर्यंत टॅक्सी केली. सामान फार नाही.

दोन्या पेत्रोना, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही, पण आवाज तसाच खणखणीत आहे. टॅक्सी थांबते न थांबते तोच ओरडल्या, अगं पोरी, आता काय पुढच्या वर्षी उगवणार होतीस? या उन्हाळ्यात कलिंगड गरम झालं इथे! मला हसू आलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच मोठ्याने हसले असेन.

ऑक्टोबरात माझा नवरा दार्दो गेला. दवाखान्यात कुणालाच आत सोडत नव्हते. फोनवरचं त्याचं शेवटचं बोलणं एवढंच, की आईला एकटी ठेवू नकोस. मीही हो म्हटलं होतं. शाळेतली नोकरी संपलेलीच होती, घर भाड्याने दिलं आणि आले.

घर लहान आहे, पण नीटनेटकं. मागे लिंबाचं झाड. वारा फिरला की रिफायनरीचा वास येतो. दोन्या म्हणाल्या, चार दिवसांत तोही आवडायला लागेल. दार्दोच्या लहानपणच्या खोलीत माझी पथारी. संध्याकाळी कुंपणावरून शेजारच्या वाल्देमारने हात केला. तो आणि दार्दो कार्निव्हलच्या एकाच फडात होते, दार्दो गायचा, हा मोठा ढोल वाजवायचा. मला म्हणाला, शेजारीणबाई, आमचा गाता गळा तुम्ही पायसांदूला पळवलात आणि परत आणला नाहीत. मग जीभ चावली. मी म्हटलं, असू दे.

२५ जानेवारी

यंदा कार्निव्हल नाही. क्लबच्या पटांगणाला कुलूप आहे, मंचावर ताडपत्री टाकली आहे. पण क्लबने असं ठरवलं आहे, की रोज संध्याकाळी जुन्या खेळांच्या टेपा इंटरनेटवर लावायच्या आणि ज्याने त्याने घरी बसून बघायच्या. त्या टेपा वाल्देमारकडेच आहेत. त्याच्या भावाने त्या वेळी कॅमेऱ्याने भरलेल्या. त्याने येऊन आमच्या टीव्हीला वायर जोडून दिली.

ऊन उतरलं तशी गल्लीतल्या लोकांनी टीव्ही खिडकीकडे तोंड करून ठेवले आणि फुटपाथवर खुर्च्या आणल्या. दोन्यांनी मला तळणाला बसवलं. बिनसाखरेच्या पुऱ्या केल्यास तर घरात घेणार नाही, म्हणाल्या. समोरून कोणी ओरडलं, पेत्रोना, सून आली म्हणून शेफारू नकोस, दोन इकडे पाठव!

फडाचं नाव लोस तारदीओस, उशिरा उगवणारे. रंगवलेली तोंडं, झगमगीत कोट, डोक्यावर भल्यामोठ्या टोप्या. मागे ढोल, ताशा, झांजा. त्या वर्षीच्या मंत्र्यांची टर उडवणारी गाणी मला निम्मी कळली, पण गल्ली खदखदून हसत होती. दोन्यांनी बोट दाखवायच्या आधीच मी दार्दोला ओळखलं. ओळीच्या टोकाला, सगळ्यांत उंच आवाजाचा. पंचवीस वर्षांचा असेल. आमच्या लग्नाच्या आधीचा. लग्नानंतर त्याने गाणं सोडलं, आणि मीही कधी गा म्हटलं नाही. मला तो सगळा गोंगाट वाटायचा.

शेवटी निरोपाचं गाणं. ते इथे प्रत्येक फडाचं असतं. त्यात सांगतात की आम्ही चाललो, पण पुढच्या वर्षी परत येऊ. लोक उठून उभे राहतात आणि ओरडून सांगतात, परत या. मग फड गात गातच मंचावरून उतरतो आणि लोकांमधून जातो. बसून राहणं म्हणजे फडाचा अपमान. दोन्या म्हणाल्या, उठव मला. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. सगळी गल्ली फुटपाथवर उभी होती. दोन्या टीव्हीकडे हात करून म्हणाल्या, ये हं दार्दो, परत ये. मीही म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं.

२८ जानेवारी

रोज बघतो आहोत. दिवसभर घरकाम, दोन्यांची आंघोळ, औषधं, बाजार, आणि मन संध्याकाळवर. आता मला आवाज वेगवेगळे ऐकू येतात. दार्दोचा आवाज बाकीच्यांच्या वर जातो आणि तिथे थोडा थरथरतो, जसा भाजी घेताना भावावरून घासाघीस करताना थरथरायचा. चाळीसेक वर्षांच्या संसारात हे मला कळलं नव्हतं.

वाल्देमार कुंपणावरून रोज विचारतो, काय शेजारीणबाई, आज नवरा बेसूर झाला का? मी म्हणते, तुमच्या ढोलात कुणाचा सूर ऐकू येतोय! दोन्या हसून हसून खोकतात. त्या जेवायलाही लागल्या आहेत. दार्दो गेल्यापासून ताटात नुसत्या चिवडत होत्या, असं वाल्देमारची बायको सुल्मा सांगते. घरात बसून का होईना, या संध्याकाळींनी त्यांना उभारी दिली. मलाही.

निरोपाच्या वेळी त्यांना उभं करायचं काम माझं. अंग हलकं झालंय त्यांचं.

३० जानेवारी

आज टेप जरा पुढे गेली. एरवी फड मंचाच्या पायऱ्या उतरतो आणि चित्र बंद होतं. आज कॅमेरा त्यांच्या मागून लोकांमधून थेट क्लबच्या फाटकापर्यंत गेला. दार्दो शेवटी होता, पाठमोरा. टोपीखाली मान दिसत होती. उन्हाने रापलेली ती मान मी ओळखते.

दोन्यांना फार आनंद झाला. म्हणाल्या, बघ, घराकडेच निघालाय.

३१ जानेवारी

आज फड फाटकाबाहेर आला.

मला जे दिसलं ते नीट लिहून ठेवते. फाटकाबाहेर बेकरी आहे. तिचं शटर खाली होतं आणि शटरवर साथीमुळे बंद असल्याचा कागद चिकटवलेला होता. तो कागद मी काल पाव आणायला गेले तेव्हा वाचला. एक कोपरा सुटलेला आहे. टेपमध्येही सुटलेला होता.

आणि माणसं कमी होती. मंचावर सगळा फड होता, रस्त्यावर निम्मासुद्धा नाही. ढोल नव्हता. नुसते गळे.

दोन्यांना काही विचित्र वाटलं नाही. गल्लीत टाळ्या पडल्या, पण नेहमीपेक्षा कमी.

१ फेब्रुवारी

सकाळी वाल्देमारला विचारलं. त्याने येर्बाच्या चहाचा पेला कुंपणावर ठेवला. म्हणाला, बाई, टेप पायऱ्यांशी संपते. माझा भाऊ तिथेच कॅमेरा बंद करायचा, कारण त्याला ढोल ट्रकमध्ये चढवायला यावं लागायचं. फाटकाचं चित्र कुठल्याच टेपेत नाही. मलाही ते दिसलं, पण वाटलं माझेच डोळे गेले, म्हणून बोललो नाही. सुल्माला म्हटलं, चष्मा बदलतो.

मग रस्त्यावर कोण कोण होते ते त्याने सांगितलं. एकेकाचं नाव घेतलं आणि तो कधी गेला तेही सांगितलं. रस्त्यावर आलेला प्रत्येक जण मेलेला आहे. जे जिवंत आहेत ते मंचावरच राहतात.

तो हसायला गेला. म्हणाला, म्हणजे मी मंचावर आहे तोवर घोर नाही. शेजारीणबाई, मी कुठे दिसतो त्यावर लक्ष ठेवा. माझी बायको काही बघत नाही माझ्याकडे.

मी दोन्यांना काही सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

आज रस्त्यावर ढोल ऐकू आला.

वाल्देमार त्यांच्यात होता. तरुण, ढोल पोटाशी बांधलेला. आणि त्याच वेळी तो इकडे आपल्या दाराशी खुर्चीत होता, सत्तरीचा, बनियनवर. त्याने बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. ओरडून म्हणाला, मी इथे आहे की नाही, कुणीतरी चिमटा काढा रे! कोणी हसलं नाही. सुल्माने त्याचा हात धरला.

दोन्या म्हणाल्या, उठव मला. गाणं संपायला आलं. मी उठवलं. का उठवलं ते मला सांगता येत नाही. रोज उठवते म्हणून.

३ फेब्रुवारी

दुपारी झोपला तो वाल्देमार उठला नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. साथ नव्हती, काही नाही. सुल्मा कुंपणाशी उभी राहून मला तेच तेच सांगत होती, की जेवताना त्याने दोनदा भात मागून घेतला.

टेपा लावायचा तोच. आज कोण लावणार होतं? संध्याकाळी क्लबच्या चिटणीसाला फोन केला. तो म्हणाला, आज काही लावलेलं नाही, सुतक पाळायला नको का, बाई?

मी फोन ठेवला आणि टीव्हीत दार्दो गात होता.

४ फेब्रुवारी

वायर काढली. टीव्ही भिंतीकडे फिरवला. गाणं समोरच्या घरातून आलं. तिथे गेले तर त्यांचाही टीव्ही बंद. म्हणाले, आम्हाला वाटलं तुमच्याकडून येतंय. मग पलीकडच्या घरातून.

मला आता वाटतं, चूक आमचीच आहे. निरोपाचं गाणं म्हणजे फडाने दिलेला शब्द. आम्ही उठलो आणि परत या म्हणालो. रोज. सगळी गल्ली. मंचावरच्या माणसांना तसं सांगायची इथली रीत आहे, पण टेपेतल्या माणसांना? गेलेल्यांना? त्यांना येऊ नका असं कोणी सांगितलंच नाही. जितक्या वेळा सांगितलं तितके ते पुढे आले.

घरोघर जाऊन सांगितलं. उठू नका. बोलू नका. काहींनी मान हलवली. एकाने दार लावून घेतलं.

दोन्यांनाही सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग इतक्या हळू आवाजात बोलल्या, की मी पुढे वाकले. तुला तो चाळीस वर्षं मिळाला, म्हणाल्या. मला सणासुदीला. आता माझ्याकडे येतोय तर तू मधे पडतेस? मी म्हटलं, दोन्या, तो येत नाहीये, तुम्हाला न्यायला बघतोय. त्या म्हणाल्या, मग त्यात वेगळं काय आहे?

मी त्याला शब्द दिलाय. त्यांना एकटं ठेवणार नाही. त्यांना जाऊ देणार नाही.

५ फेब्रुवारी

मी उठवलं नाही. त्या खुर्चीच्या हातांवर जोर देत राहिल्या आणि मी त्यांचे खांदे दाबून धरले. माझे हात त्यांच्या हाडांवर. मला शिव्या दिल्या. कैदाशीण म्हणाल्या. मी सोडलं नाही.

बंद टीव्हीच्या काचेत चित्र होतं. आमची गल्ली. वाल्देमारचं फाटक. मग आमचं कुंपण, आणि फुटपाथवर विसरलेली खुर्ची. ते तिथे थांबले.

दार्दोने तोंड वळवलं. रंग फासलेलं. त्याने आईकडे बघितलं.

माझ्याकडे नाही.

६ फेब्रुवारी

दोन्यांना इथून हलवायचं. सुल्माच्या बहिणीकडे खोली आहे. गाडीवाला सकाळी येतो म्हणाला होता, आला नाही. दुसरा म्हणाला, आजारी माणूस नेणार नाही, साथ आहे. मी म्हटलं आजारी नाहीत. मग तुम्ही रडताय कशाला, म्हणाला.

त्यांना हाताला धरून चालवत कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथे त्या खाली बसल्या. उचलता येईनात. रोज उचलते त्या बाईला आज उचलता येईना — दगडासारख्या. लोक खिडकीतून बघत होते. परत घरी यायला त्या स्वतःच कशाबशा उठल्या.

दुपारी मला म्हणाल्या, पोरी, केस विंचरून दे.

विंचरून दिले.

संध्याकाळी —

दार लावलं, कडी घातली. पाठ दाराला लावून बसले. ऊन अजून होतं. गाणं आलं ते टीव्हीतून नाही, रस्त्यावरून. दारापलीकडून. ढोल माझ्या पाठीत वाजत होता. दार्दोचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि तिथे थरथरणारा. कडी हलली. कोणी ढकललं नाही, नुसतं गाण्याने हलली. मी दार सोडलं नाही. ओरडून म्हटलं, नाही. दार्दो, नाही. आईला राहू दे. माझ्यासाठी —

गाणं पुढे गेलं. गल्लीच्या टोकाशी गेलं. मला वाटलं, जिंकले.

वळून बघितलं.

दोन्या खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या. आधाराशिवाय. हात वर केलेला. गालावर रंग — पांढरा आणि लाल, ओला.

मग त्या पडल्या.

८ फेब्रुवारी

पुरलं. मोजक्याच माणसांना परवानगी. सुल्मा, मी, चिटणीस. गालावरचा रंग मी पुसला होता. पेटी बंद करताना परत दिसला.

चिटणीस म्हणाला, रडा बाई, मोकळ्या व्हा. मला रडू आलं नाही. मी दार धरून बसले होते. मी चुकीचं दार —

आतल्या माणसाला धरायचं होतं.

९ फेब्रुवारी

सुल्मा बहिणीकडे गेली. जाताना दूध देऊन गेली, नासेल म्हणून. चला म्हणाली. मी म्हटलं, उद्या येते.

आज सगळी गल्ली बसून. खिडक्या बंद. कोणी उठलं नाही. मीही.

गाण्यात आता एक म्हातारा आवाज आहे. बाईचा. खणखणीत.

१० फेब्रुवारी

घशाखाली काही उतरत नाही. तांदळाची खीर लावली आहे. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लिहितेय. हाताला काम असलं की पाय जागेवर राहतात.

ऊन भिंतीवर आहे. आले —

आज ढोल नाही. झांजा नाहीत. म्हातारा आवाज नाही. एकटा दार्दो. साथीला कोणी नाही म्हणून आवाज किती उघडा पडतो. मी कधी ऐकायला गेले नाही — एकदाही नाही — आणि आता भिंतीपलीकडे —

मला हाक मारत नाही. मारली असती तर नाही म्हणता आलं असतं. नुसता गातोय. आम्ही चाललो, पण —

बसायचं. गाणं संपेपर्यंत बसायचं. काही बोलायचं नाही. उद्या सुल्माकडे. उद्या —

शेवटचं कडवं. खिडकीशी.

दूध वर येतंय. पातेल्याच्या काठाशी आलं. गॅस बंद करायला उठायला हवं —